बेथलेहेममधली मिठाची गोणी

आमच्या इझबत कुल्ता गावात एकूण सहा घरांच्या म्हशी चोरीला गेल्या आणि त्यात पहिला नंबर आमचा. हे मी आठवणीवर सांगत नाही, लिहून ठेवलेलं आहे. चौतीस वर्षं गावच्या शाळेत हजेरी घेतली. निवृत्त झाले तशी चर्चची नोंदवही माझ्या गळ्यात पडली. बाप्तिस्मे, लग्नं, मयती पुढच्या पानांवर. कोण कोणाशी बोलत नाही, उपासाच्या दिवसांत कोणाच्या घरून अंड्याचा वास आला, मिस्सेच्या प्रार्थनेला अर्धा तास उशिरा येऊन पहिल्या बाकावर बसायचं धाडस कोणी केलं, हे सगळं मागच्या पानांवर. मागची पानं मी कोणाला दाखवत नाही. पण ती आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तेवढंच पुरतं.

म्हशी नेणाऱ्याचं नाव मिगल्ली. आमच्याच गावचा, आमच्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला, माझ्याच वर्गात मुळाक्षरं गिरवलेला. गोठ्याचं कुलूप तो असं काढायचा की आतल्या म्हशीचाही रवंथ थांबू नये. सातव्या घरी मात्र कुत्रं होतं. आठ वर्षांची सजा झाली. तुरुंगात त्याला भटारखान्याला जुंपलं आणि तिथे तो हजार माणसांची भाकर मळायला शिकला.

सुटून आला तो सरळ चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसायला लागला. आमचे पाद्री अबूना बिसादा यांच्यापुढे त्यानं कबुलीजबाब दिला, त्याला दीड तास लागला. मी बाहेर बसून घड्याळ बघत होते. माझी पाळी त्याच्यानंतर होती, म्हणून. पुढे वर्षभरानं तो प्रसादही घ्यायला लागला. तरी तो बाकांमधल्या वाटेनं गेला की बायका आपापल्या पर्सा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घ्यायच्या. मीही घ्यायची. खोटं कशाला सांगू?

अशा माणसाला फानूसकाकांनी बेथलेहेममध्ये घ्यायचं ठरवलं.

बेथलेहेम म्हणजे चर्चच्या मागच्या अंगणातली भट्टीची खोली. वेदीवरची भाकर तिथे भाजतात. तळहाताएवढी, जाडसर, मधोमध क्रूसाचा शिक्का, शिक्क्याभोवती पाच भोकं. फानूसकाकांनी ती सेहेचाळीस वर्षं भाजली. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि शिक्का एका कुशीवर पडायला लागला होता. समितीच्या बैठकीत ते स्टुलावर बसून म्हणाले, "माझ्यामागे मिगल्ली."

पिठाच्या गिरणीचा मालक सिदहोम आमच्या समितीचा अध्यक्ष. तो म्हणाला, "काका, अख्ख्या गावात दुसरा माणूस नाही?"

"आहे ना. तू ये की. पहाटे चारला, पोटात पाण्याचा थेंब नाही, तोंडानं स्तोत्रं, हातानं कणीक."

"माझी पाठ..."

"मग बस गुमान."

मी म्हटलं, "फानूसकाका, ज्या हातांनी कुलपं काढली त्या हातांनी प्रभूची भाकर?"

"बाई, त्याला देवानं दोनच दिलेत. दुसरे कुठून आणायचे?"

अबूना बिसादा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "प्रभूनं माणसं बोलावली तेव्हा वर्तणुकीचे दाखले मागितल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही. पण आपण प्रभू नाही, आपण समिती आहोत. सित्त दिम्यानाच्या सणापर्यंत त्याला करू दे. मग ठरवू."

त्यावर मी एक अट सुचवली. लिहिलीही मीच, नोंदवहीच्या पुढच्या पानावर, ठळक अक्षरात: एक चूक झाली की काम बंद. मिगल्ली दारात उभा होता. त्याला सही करायला सांगितली. त्यानं सावकाश, मी शिकवलं होतं तसंच, प्रत्येक अक्षराला नीट वळण देऊन नाव लिहिलं.

"बाई," तो म्हणाला, "चूक झालीच तर मी अस्यूतला मेव्हण्याच्या वीटभट्टीवर जाईन. इथे राहून तुम्हाला रोज तोंड दाखवणार नाही. पण हे काम मला हवंय. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला आत ये म्हणालंय. नाहीतर मी आपला आपणच आत जायचो."

कोणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण मी पेनाचं टोपण लावत बसले.

सात महिने मी चूक शोधली. प्रत्येक रविवारी मिस्सा संपल्यावर वाटलेली भाकर हातात आली की आधी भोकं मोजायची, पाचच. शिक्का मधोमध. कड करपलेली नाही, पोट फुगलेलं नाही. सातव्या महिन्यात तर मला त्याचा थोडा रागच यायला लागला.

आणि मग सण आला. सित्त दिम्याना आमच्या चर्चची संत. तिच्या सणाला मिस्सेनंतर अख्खं गाव अंगणात जेवतं. त्या वर्षी तीनशे माणसं धरली होती. मे महिना, ऊन असं की कोंबड्या सावली सोडेनात. आदल्या दिवशी दुपारी तांदूळ, कांदे, तूप यांनी कोठार छतापर्यंत भरलं. पोरींनी पाणी ओतून अंगण धुतलं, आणि मिठाची गोणी ठेवायला कोरडी जागा उरली ती एकच.

"ठेवा बेथलेहेममध्ये," मी म्हटलं.

मिगल्ली पीठ चाळत होता. तो उठून उभा राहिला. "बाई, इथे मीठ नको."

वेदीच्या भाकरीत पीठ, पाणी आणि खमीर एवढंच असतं. मीठ चालत नाही. प्रभू स्वतःच जगाचं मीठ, त्याच्यात वरून आणखी काय घालायचं, असं आमच्याकडे पोरांनासुद्धा पाठ असतं. मलाही पाठ होतं, मीच तर पाठ करून घेतलेलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "ती गोणी काय उडी मारून तुझ्या परातीत पडणार आहे?"

तो परत चाळणीपाशी बसला. गोणी कोपऱ्यात बसली.

सणाच्या सकाळी मी सहाला चर्चच्या फाटकात पोहोचले. हवालदार अब्दुल-मौजूद बंदोबस्ताला खुर्ची टाकून बसला होता. मिगल्लीला पूर्वी त्यानंच पकडलं होतं. "बाई, तुमचा तो भटारी मघापासून दाराबाहेर येतोय आणि आत जातोय," तो म्हणाला. "माझ्या जुन्या अनुभवावरून सांगतो, काहीतरी झालंय."

मी मागच्या अंगणात गेले. मिगल्ली बेथलेहेमच्या उंबऱ्यावर उभा होता, चेहरा त्याच्या पिठापेक्षा पांढरा. मागे फळीवर भाकरी ओळीनं मांडलेल्या, इतक्या सुरेख की संताच्या चित्राखाली ठेवाव्यात.

"बाई, अबूनांना बोलवा. ही भाकर चालणार नाही."

"का? काय झालं?"

त्यानं उजवी बाही पुढे केली. कडेला पांढरे दाणे चिकटले होते. मग कोपऱ्यात बोट दाखवलं. गोणीची दोरी सुटलेली आणि वरच्या मिठात मुठीएवढा खड्डा.

"स्तोत्र म्हणत होतो. डोळे मिटलेले. हात आपला आपण गेला. आठ वर्षं, दर परातीला एक मूठ. माझ्या लक्षात आलं तेव्हा भाकरी भट्टीतून बाहेर होत्या."

"नक्की घातलंस? नुसता हात घालून काढलाही असशील."

"बाई, रिकामा हात बाहेर काढायची मला सवय असती तर आठ वर्षं आत कशाला बसलो असतो?"

आता माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं तेही सांगते, कारण इतरांचं एवढं लिहिते तर स्वतःचं का सोडू? माझ्या डोक्यात पहिल्यांदा आली ती गोणी. माझी गोणी. तीनशे माणसं, बाहेरगावचे पाहुणे, आणि सगळे विचारणार, बेथलेहेममध्ये मीठ आणलं कोणी? मी आवाज खाली आणला.

"हे बघ, अबूना भाकर बघतात, हुंगतात, चाखत नाहीत. प्रसादाचा कण तो केवढा! त्यात कोणाला काय कळणार आहे? उरलेल्या भाकरी आज वाटायच्याच नाहीत. सणाची गडबड होती, राहून गेलं म्हणायचं."

मिगल्लीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, उद्धटपणानंही नाही. गणित चुकलेल्या पोराकडे मी बघायची तसं.

"बाई," तो म्हणाला, "हे असलं मी पूर्वी करायचो."

मी जाऊन अबूनांना बोलावून आणलं.

त्यांच्यामागे सिदहोम आला, आणि काठी टेकत फानूसकाकाही. मिगल्लीनं झालं ते सगळं सांगितलं. मीठ पडलं, हात माझा, चूक माझी. गोणी तिथे आली कशी याबद्दल एक अक्षर नाही. मी वाट बघत होते की आता सांगेल, आता सांगेल. नाही सांगितलं.

सिदहोमनं कपाळाला हात लावला. "लोक यायला लागलेत. नव्यानं मळायचं म्हणजे दोन तास. आणि समजा मीठ पडलंच नसेल तर? नुसत्या संशयावर तीनशे माणसं उपाशी बसवायची?"

"चाखून बघा," फानूसकाका म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अडचण सगळ्यांना एकदमच कळली. प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. जो चाखेल त्याचा सणाचा प्रसाद बुडाला. अबूनांना चाखता येणार नाही, त्यांच्यावाचून मिस्सा नाही. मिगल्लीला नाही, त्याला दुसरी कणीक मळायची, आणि तीही उपाशीपोटी. फानूसकाका म्हणाले, "ह्या वयात आणखी किती सण बघणार मी?" सिदहोम म्हणाला, "माझ्या मुलीच्या बाळाला आज पहिल्यांदाच..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

मग एकदम त्याला सुचलं. "हवालदार! त्याला कुठे प्रसाद घ्यायचाय?"

अब्दुल-मौजूद फाटकातून आला, सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला. "सिदहोमशेठ, रमजान चालू आहे. मी सूर्य मावळेपर्यंत थुंकीसुद्धा जपून गिळतोय. अख्ख्या गावात आज सकाळी पोट भरलेला माणूस शोधायचा म्हणजे सरकारी चौकशीच लावावी लागेल."

सित्त दिम्यानाच्या सणाचा प्रसाद मी एकेचाळीस वर्षं सलग घेतलेला आहे. एकही खाडा नाही. बाळंतपणात नाही, नवरा गेला त्या वर्षी नाही. नोंदवहीत आहे. असा सलग आकडा गावात दुसऱ्या कोणाचा नाही हेही आहे, मागच्या पानांवर.

"मी चाखते," मी म्हटलं.

अबूना म्हणाले, "जलीला बाई, तुमचा..."

"माहीत आहे. पण ती गोणी मी ठेवायला लावली. हा नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. आणि आत्ता थोड्या वेळापूर्वी मी त्याला झाकून टाक असंही सुचवलं. ते त्यानं तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगते."

सिदहोमचं तोंड उघडंच राहिलं. मिगल्ली खाली बघत पायानं जमिनीवरचं पीठ सारत होता.

मी क्रूसाची खूण केली, एक भाकर मोडली आणि तुकडा तोंडात घातला.

"खारट," मी म्हटलं. मग दुसरा तुकडाही घातला, कारण आता बुडायचं ते बुडालंच होतं. "नक्की खारट. आणि खरं सांगू का? इतकी चवदार भाकर ह्या खोलीतून पूर्वी एकदाच बाहेर पडली होती."

त्याबरोबर फानूसकाका स्टुलावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघते तर म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बिशपसाहेब आले होते तेव्हा," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. क्रूसाचा सण."

"तुम्हाला कसं आठवलं?"

"मला कसं आठवलं! बाई, सुनेनं माझ्या खमिरात मीठ टाकलं होतं. मला कळलं तेव्हा मिस्सा सुरू झाली होती. मी गप्प बसलो."

नोंदवही माझ्या पिशवीत होती. काढली, मागची पानं उलटली, आणि ती ओळ सापडली. माझंच अक्षर: आज भाकर विशेष चांगली, बिशपसाहेबांनी आणखी दोन मागून घेतल्या, फानूसकाकांचा हात अजून शाबूत आहे.

"वाचा, वाचा, मोठ्यानं वाचा," फानूसकाका म्हणाले. मी वाचलं. ते डोळे पुसत राहिले. "नऊ वर्षं हा दगड छातीवर घेऊन हिंडतोय. कबुलीच्या वेळीसुद्धा गोल गोल बोललो. 'अबूना, माझ्या हातून एकदा मीठ जास्त झालं,' एवढंच."

अबूनांनी छताकडे बघितलं. कबुलीत ऐकलेलं पोटात ठेवणारा माणूस; पण दाढीच्या आत काहीतरी हललं ते मी बघितलं.

"आणि ह्याच्या हातून झालं," फानूसकाकांनी काठी मिगल्लीकडे केली, "तर हा मिस्सा सुरू व्हायच्या आधी दारात उभा राहिला. आता मला सांगा, बेथलेहेममध्ये कोण बसायला हवं होतं ही सेहेचाळीस वर्षं?"

"काका, असं नका बोलू," मिगल्ली म्हणाला.

अबूना पुढे झाले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "कणीक मळ, बाळा. लोकांना मी सांगतो. लवकर कर, मात्र घाईनं करू नकोस."

"पीठ संपलंय, अबूना."

आम्ही सगळ्यांनी सिदहोमकडे बघितलं. सिदहोमनं पाठीला हात लावला, आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि हात काढला. पंधरा मिनिटांत तो गिरणीतून खांद्यावर पिठाचं पोतं घेऊन धावत आला. त्या पाठीचं दुखणं मी त्या दिवसापासून माझ्या मनातून रद्द केलं आहे.

मिठाची गोणी मी स्वतः ओढत बाहेर काढली. मिगल्लीनं परात घासली, बाही धुतली, उरलेलं मीठ भिंतीच्या फटीतूनसुद्धा ओल्या फडक्यानं टिपून घेतलं. मग पहिल्या स्तोत्रापासून परत सुरुवात केली. ह्या वेळी डोळे सताड उघडे.

आत चर्चमध्ये अबूनांनी लोकांना सरळ सांगितलं: भाकर नव्यानं भाजली जाते आहे, तोवर आपण स्तुती गाऊ. दोन तास गायलो. उकाडा, उपास, अंगणातल्या पातेल्यांतून येणारा मटणाचा वास. पोरं रडली, दोन म्हातारे पेंगले, आणि माझ्या मागच्या बाकावरची एक बाई सबंध वेळ कुजबुजत होती, "चोराच्या हाती दिलं की असंच व्हायचं." मी वळून म्हटलं, "चोराच्या नाही, मास्तरणीच्या हातून झालंय. जेवताना सविस्तर सांगते, आधी गा."

नवी भाकर आली. टोपलीत नऊ. अबूना वेदीच्या दाराशी उभे राहून एकेक उचलून उलटसुलट बघायला लागले. त्यातली निर्दोष असेल ती एक निवडायची. तिला आम्ही देवाचा कोकरा म्हणतो. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली. मिगल्ली खांबाला धरून उभा होता. खांबावरची त्याची बोटं मला दिसत होती. तिसऱ्या भाकरीवर अबूना थांबले. ती त्यांनी तळहातावर घेतली, हलकेच पुसली, आणि चेहरा उजळला.

मी सोडलेला श्वास पुढच्या तीन बाकांना ऐकू गेला असेल.

प्रसादाच्या वेळी सगळे उठले. मी बसून राहिले. गंमत बघा, आयुष्यभर मी बघायची की कोण उठलं नाही, आणि का उठलं नसेल. त्या दिवशी दोनशे डोळे माझ्याकडे वळून गेले, आणि प्रत्येक डोक्यात माझ्या नावाचं एक पाप तयार झालं. कोणी मला सुनेशी भांडायला लावलं असेल, कोणी चहा पाजला असेल. वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. उलट, जड पिशवी खाली ठेवल्यासारखं वाटलं. एकेचाळीसचा आकडा तुटला आणि मी जिवंत होते.

मिस्सा संपल्यावर उरलेल्या आठ भाकरींचे तुकडे सगळ्यांना वाटले गेले. ते घ्यायला उपासाची अट नसते. मिगल्लीनं माझ्या हातावर तुकडा ठेवला आणि तिथेच रेंगाळला.

"बाई, एक सांगायचं होतं. तुमची म्हैस. रस्ताभर ती सारखी मागे वळून बघत होती. बाकीच्या पाचांतल्या एकीनंही नाही बघितलं. मला ते तुरुंगातही आठवायचं."

"तिला सवय होती," मी म्हटलं. "मी शाळेतून येताना तिला हाक मारायची." आणि तुकडा तोंडात घातला. अळणी. बरोबर होता.

खारट भाकरी जेवणात मटणाच्या रश्शाबरोबर गेल्या, आणि सगळ्यात आधी संपल्या. दोन मी फडक्यात बांधून हवालदारासाठी बाजूला ठेवल्या, सूर्य मावळल्यावर खायला. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, अशा परत कधी करणार?

जेवण झाल्यावर अंगणातच समिती बसली. सिदहोम घसा खाकरून म्हणाला, "अट लिहिलेली आहे. एक चूक झाली की काम बंद. मला काढायचं नाहीये त्याला, पण लिहिलंय ना."

मी नोंदवही उघडली. अटीच्या खाली तारीख टाकली आणि लिहिलं: बेथलेहेममध्ये मिठाची गोणी ठेवली, सांगूनही ऐकलं नाही, वर झाकायला सुचवलं. चूक जलीला हिची. काम बंद. मग वही आणि पेन सिदहोमपुढे सरकवलं.

"हे काय?"

"माझं काम बंद. आजपासून नोंदवही तुम्ही लिहा. मागच्या पानांसकट."

सिदहोमनं वहीकडे असं बघितलं जसं काही तिच्यातून विंचू निघणार आहे. मागची पानं आपल्याबद्दल काय म्हणतात हे त्याला बहुतेक अंदाजानं कळलं असावं. त्यानं वही माझ्याकडे ढकलली, अबूनांकडे बघितलं आणि म्हणाला, "मला वाटतं, ती अटच मुळात जरा घाईत लिहिली गेली."

"खोडू?" मी विचारलं.

"खोडा," अबूना म्हणाले.

मी पट्टी घेऊन एक सरळ रेघ मारली. त्या रेघेखाली लिहिलं: वेदीची भाकर आजपासून मिगल्ली. मुदत नाही.

तो भट्टीतली राख काढत होता. मी उंबऱ्यावरूनच वही उघडी धरून दाखवली. त्यानं राखेचे हात पाठीमागे घेतले, मान पुढे काढून प्रत्येक अक्षर सावकाश वाचलं, आणि म्हणाला, "बाई, रविवारी किती माणसं धरायची?"